अंड्यातल्या पाण्याचा हिशेब

पहिल्या खेपेला मी २४ अंडी ठेवली आणि ५ पिल्लं निघाली. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी उरलेली अंडी अंगणात नेऊन एकेक फोडली. काही अंडी मुळातच वांझ होती. पण बहुतेकांत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं. पिसं आलेली, नखं आलेली, चोच हवेच्या पोकळीकडे वळलेली. आतला पांढरा पापुद्रा त्यांच्या अंगाला असा घट्ट चिकटून वाळला होता, की मान हलवायलाही जागा उरली नव्हती. दोघातिघांनी कवचाला टोचा मारून बारीक भोकही पाडलं होतं. तिथेच ती थांबली होती.

ते सांगलीतले मे महिन्याचे दिवस होते. गल्लीतल्या वायरमनने थर्माकोलच्या खोक्यात दोन बल्ब, कॉम्प्युटरमधला जुना पंखा आणि ‘डब्ल्यू-१२०९’ नावाची थर्मोस्टॅटची पट्टी बसवून मशीन करून दिलं होतं. आतला आकडा ३७.५ अंश सेल्सियसवर स्थिर होता आणि माझं सगळं लक्ष त्या आकड्यावर होतं. पाण्यासाठी कोपऱ्यात एक चहाची वाटी ठेवली होती. शेजारचा आर्द्रतेचा आकडा तिशीच्या खाली रेंगाळत होता, त्याकडे मी पाहिलंही नाही.

दुसरी खेप श्रावणात, कुडाळजवळ मावशीच्या घरी लावली. पहिल्या खेपेचा धसका मनात होता. म्हणून तळाच्या सगळ्या पन्हळी पाण्याने भरल्या, वर ओला स्पंज ठेवला आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली उतरू दिली नाही. मावशी ओटीवरून बघत होती. म्हणाली, “कोंबडी काय अंड्यांक पानी पाजता गो?” मी हसून सोडून दिलं. या वेळी ४ पिल्लं निघाली. बाकीची अंडी फोडली तर आत फुगलेली, लिबलिबीत पिल्लं होती. बेंबी उघडी, अंगाभोवती चिकट पाणी, आणि हवेची पोकळी रुपयाएवढीही नाही. पहिली खेप कोरडी पडून गेली होती, दुसरी बुडून गेली.

त्या दोन संध्याकाळी मी विसरू शकत नाही. जीव घडवायला घेतला, १८-१९ दिवस तो नीट घडला आणि माझ्या अज्ञानामुळे उंबरठ्यावर गेला. हा लेख त्या अज्ञानाची भरपाई म्हणून लिहिते आहे. गावोगाव परसात कोंबड्या पाळणारी, घरी लहान मशीन लावणारी माणसं वाढत आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या पहिल्या दोन खेपा माझ्यासारख्याच जातात.

खुडूक कोंबडीची जागा

मशीन का लागतं, हे आधी सांगायला हवं. खुडूक बसलेली गावरान कोंबडी दहा-बारा अंडी सहज उबवते. पण त्या २१ दिवसांत आणि पुढे पिल्लं सांभाळण्याच्या काळात ती अंडी देत नाही. शिवाय ती आपल्या सोयीने खुडूक बसत नाही. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जास्त अंडी देणाऱ्या जातींतून तर खुडूक बसण्याची सवय पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीशी केली गेली आहे. मग उबेचं काम माणसावर येतं.

माणसाने ते फार पूर्वी अंगावर घेतलं. इजिप्तमधले मातीचे उबवणी भट्टे प्राचीन काळापासून चालत आले आहेत. तिथे शेण आणि काड जाळून उष्णता राखत आणि कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून उबेचा अंदाज घेत. फ्रान्सच्या रेओम्युर या शास्त्रज्ञाने या विद्येचा अभ्यास करून १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. उष्णता माणसाला कातडीने कळते, म्हणून ती आधी हाती आली. हवेतलं पाणी डोळ्याला दिसत नाही आणि हाताला नीट कळत नाही. घरच्या उबवणीत आजही सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो.

कवच श्वास घेतं

अंडं बंद डबीसारखं दिसतं, पण ते बंद नसतं. कवचाला साधारण १०,००० सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. हर्मन रान, आमोस आर आणि चार्ल्स पगानेली या तीन शरीरशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात हा सगळा व्यवहार मांडला. ६० ग्रॅमचं अंडं २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकतं. ती ११ लिटर वाफ म्हणजे जवळपास ९ ग्रॅम पाणी.

हे वाचताना मला माझी चूक उमगली. मी समजत होते की अंड्यातलं पाणी वाचवायचं असतं. खरं तर अंड्याने पाणी सोडायचंच असतं, ठरलेल्या मापाने.

याला दोन कारणं आहेत. पहिलं असं, की गर्भ बलकातली चरबी जाळून वाढतो आणि चरबी जळताना पाणी तयार होतं. एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅमहून थोडं जास्तच. हे नवं पाणी बाहेर गेलं नाही तर पिल्लाच्या अंगात साठतं. माझी श्रावणातली फुगलेली पिल्लं त्याचीच. दुसरं कारण जागेचं. जेवढं पाणी बाहेर जातं, तेवढी हवा अंड्याच्या रुंद टोकाला आत येते आणि तिथली पोकळी वाढत जाते. उबवणीच्या शेवटी ही पोकळी अंड्याची सुमारे १५ टक्के जागा व्यापते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोच त्या पोकळीत खुपसतं आणि आयुष्यातला पहिला श्वास फुप्फुसाने घेतं. तोवर त्याला कवचाखालच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून प्राणवायू मिळत असतो. पोकळी लहान राहिली तर पहिल्या श्वासाला हवा पुरत नाही आणि चोच ओल्या द्रवात अडकते.

याच्या उलट, पाणी फार गेलं की पिल्लू अशक्त आणि सुकलेलं राहतं, पापुद्रा चिवट होतो, वाळून अंगाला आवळतो. पिल्लाला कवचात गोल फिरत चिरा पाडायची असते, ते फिरणंच थांबतं. माझ्या मे महिन्यातल्या खेपेत हेच झालं.

या दोन टोकांच्या मधली वाट रुंद आहे, हा दिलासा. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १४ टक्के घटावं. १२-१३ टक्के घटलं तर उत्तम. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के ठेवा, असं जे सगळीकडे सांगतात, ते ही घट साधण्यासाठी. आकडा हे साधन आहे आणि घट हे साध्य. आपण साधनालाच धरून बसतो.

एकाच मशीनमध्ये महाराष्ट्राचे सगळे ऋतू

मशीन तेच, तरी सांगलीत कोरडं आणि कुडाळात ओलं का झालं? उत्तर खोलीतल्या हवेत आहे. मशीनच्या भोकातून खोलीची हवा सतत आत येते आणि ३७.५ अंशांपर्यंत तापते. हवा तापली की तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते. तिच्यातलं पाणी तेवढंच असतं, म्हणून आर्द्रतेची टक्केवारी खाली येते.

मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. कुडाळचा श्रावण धरा. बाहेर २६ अंश, आर्द्रता ९५ टक्के. ही हवा मशीनमध्ये तापली की आर्द्रता पन्नाशीच्या आसपास येते. म्हणजे एक थेंबही पाणी न ठेवता हवं ते माप मिळतं! मी त्यावर पन्हळी भरल्या आणि वर स्पंज ठेवला. आता सांगली जिल्ह्यातल्या जतकडची मे महिन्यातली दुपार धरा. ४० अंश, आर्द्रता १५ टक्के. तीच हवा ३७.५ अंशांवर १७ टक्क्यांच्या आसपास राहते. तिथे चहाची वाटी कुठे पुरणार?

हिवाळा मात्र फसवतो. सांगलीत पौषातली पहाट धरा, १५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. गवतावर दव आहे, हात गार ओले लागतात. आपल्याला वाटतं हवेत भरपूर पाणी आहे. पण थंड हवेत मुळात पाणी थोडंच मावतं. ३७.५ अंशांवर तिची आर्द्रता जेमतेम २१ टक्के उरते. म्हणून थंडीत कोकणातही पाणी वाढवावं लागतं. घाटावर थंडीत मशीन लावणाऱ्याची पिल्लं आत वाळली, तर त्याने बाहेरच्या दवाकडे पाहून पाणी कमी केलं होतं का, हे आधी विचारावं.

उंचीचाही परिणाम होतो. हवा विरळ असली की छिद्रांतून वाफ लवकर निसटते. महाबळेश्वर-पाचगणीला, किनाऱ्यावरचाच आकडा मशीनमध्ये राखला, तरी अंडी जास्त पाणी गमावतील.

कंदिलाच्या वातीची युक्ती

हे सगळं पुस्तकातून कळलं तरी हात बसायला माणूस लागतो. जत तालुक्यातल्या एका वाडीत एक तरुण शेजारपाजारच्यांची अंडी उबवून देतो असं कळलं आणि मी त्याच्याकडे गेले. पत्र्याच्या खोलीत, जुन्या फ्रीजच्या सांगाड्यात त्याने ३०० अंड्यांचं मशीन केलं आहे. अंड्यामागे ठरावीक पैसे घेतो. पिल्लू निघालं नाही तर निम्मे परत.

त्याच्या मशीनमध्ये दोन साधे काचेचे थर्मामीटर शेजारीशेजारी टांगलेले होते. एकाच्या फुग्याला कंदिलाची सुती वात गुंडाळली होती आणि वातीचं दुसरं टोक औषधाच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं होतं. ओल्या वातीतलं पाणी उडतं, उडताना थंडावा देतं आणि त्यामुळे त्या थर्मामीटरचा पारा खाली राहतो. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा. कोरडा पारा ३७.५ वर असताना ओला २९.४ वर असेल तर आर्द्रता सुमारे ५५ टक्के. ओला ३२.५ वर गेला तर सुमारे ७०. “डिजिटलवाला आकडा येकदा फसवून गेला माझी शंभर अंडी,” तो म्हणाला. “ही वात फसवत न्हाई. फकस्त आठवड्याला बदलायची आन् पाणी फिल्टरचं घालायचं. बोअरच्या पाण्यानं वातीवर पांढरी खपली धरतीया, मग ती खोटं बोलती.”

डिजिटल मीटर तपासायचीही सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावं, चिखलासारखं होईल इतपतच पाणी घालावं, मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवावं. मिठाच्या अशा चिखलावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. सकाळी मीटरने ६८ दाखवलं तर तुमचा मीटर ७ ने कमी सांगतो आहे. माझा मीटर मी घरी येऊन असा तपासला. तो तब्बल ९ ने कमी दाखवत होता. कुडाळात मी ७५ समजत होते तेव्हा आत ८०च्या वर असणार, हे त्या सकाळी कळलं.

पाण्याबद्दल त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच्याकडे खोल डबा नव्हता, पसरट ताटल्या होत्या. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून उठते. डबा कितीही खोल असला, तरी तोंड लहान असेल तर आर्द्रता वाढत नाही. वाढवायची तर ताटली मोठी घ्या किंवा पाण्यात जाड सुती कापड उभं करा. कमी करायची तर ताटली लहान करा. आणि आर्द्रता वाढावी म्हणून हवेची भोकं बुजवू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो. भोकं बुजवली तर मीटर खूश होतो आणि पिल्लं गुदमरतात.

निघताना त्याने एक वाक्य सांगितलं, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. “ताई, आदी हवेचं पाणी बघायचं, मग मशीनचं ठरवायचं. आन् शेवटी अंड्यालाच इचारायचं.”

अंड्याला विचारायचं म्हणजे तोलायचं

अंड्याला विचारण्याचे दोन मार्ग आहेत. एक उजेडाचा. अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला भोक पाडून मागे मोबाइलचा टॉर्च धरावा आणि अंड्याचं रुंद टोक त्या भोकावर ठेवावं. हवेच्या पोकळीची कड स्पष्ट दिसते. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पेन्सिलीने ती कड कवचावर आखत गेलं, की झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेघा उमटतात. रेघा नीट सरकत असतील तर काम बरोबर चाललं आहे.

दुसरा मार्ग वजनाचा आणि मला तोच सगळ्यात भरवशाचा वाटतो. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. एकेक अंडं तोलायची गरज नाही, ट्रेमधली सगळी मिळून तोलावीत. गावरान अंडी ४५ ग्रॅमची धरली तर २० अंडी ९०० ग्रॅम. १८ दिवसांत १२ टक्के घट म्हणजे १०८ ग्रॅम, दिवसाला ६. सहाव्या दिवशी काट्यावर ८६४ च्या आसपास यावं, बाराव्या दिवशी ८२८, अठराव्या दिवशी ७९२. सहाव्या दिवशी ८७५ आलं तर पाणी पुरेसं जात नाही, ताटली लहान करा. ८५० आलं तर फार जातं आहे, ताटली मोठी करा. सहा दिवसांची चूक पुढच्या बारा दिवसांत हळूहळू भरून काढता येते. एकदम टोकाला जाण्याचं कारण नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी. वांझ अंडंही पाणी गमावतं, कारण वाफ कवचाच्या छिद्रांतून जाते आणि त्यासाठी आत जीव असावा लागत नाही. म्हणून ती ट्रेमध्ये असेपर्यंत हिशेब बिघडत नाही. पण सातव्या दिवशी वांझ अंडी काढली, तर उरलेली पुन्हा तोलून घट नव्याने मोजायला घ्यावी.

मीटर चुकीचा असो, गाव समुद्रकाठी असो की डोंगरावर, कवच जाड असो की म्हाताऱ्या कोंबडीचं पातळ, काट्यावरच्या आकड्यात या सगळ्या गोष्टी आपोआप जमा झालेल्या असतात.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं, ती जाळीवर आडवी ठेवायची आणि आर्द्रता ६५-७५ पर्यंत न्यायची. आता पाणी घालवण्याचं काम संपलेलं असतं. आता ओलावा लागतो तो पापुद्रा मऊ राहावा म्हणून. पहिला टोचा पडला की त्या भोकातून पापुद्रा वाळू लागतो.

आणि मग झाकण उघडायचं नाही. हे सांगायला सोपं आहे. आत चिवचिव ऐकू येते, काचेतून एक चोच दिसते, ती बारा-बारा तास तिथेच असते. हात शिवशिवतो. पण त्या तासांत पिल्लू पापुद्र्याच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात घेत असतं. पहिल्या टोच्यापासून बाहेर यायला २४ तासही लागू शकतात. घाईने कवच सोललं तर ते रक्त वाहून जातं. झाकण उघडलं तर दमट हवा निघून जाते आणि शेजारच्या अंड्यांचे पापुद्रे आकसतात. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज काढतं, त्याला खाऊ घालायची घाई नको. ओली पिल्लं वाळताना स्वतःच मशीनची आर्द्रता वाढवतात. तेव्हा मीटर एकदम चढला तर घाबरू नये.

मावशीचा कोळसा

तिसरी खेप मी पुन्हा कुडाळला लावली, भाद्रपदात. मशीन, मिठाने तपासलेला मीटर, काटा आणि वही घेऊन गेले. या वेळी पाण्याची ताटली ठेवलीच नाही. मावशीने ट्रेमध्ये २० अंडी मांडली आणि मधोमध एक कोळशाचा तुकडा ठेवला. पावसाळ्यात वीज कडाडली की अंडी नासतात, कोळसा असला की नासत नाहीत, असं तिची आई सांगायची. माझ्या आजीचाच तो कोळसा. मी तो काढला नाही. तोलताना आधी त्याचं वजन घेतलं आणि वहीत लिहिलं: कोळसा १४ ग्रॅम.

त्या रात्रींत मी वाचलेली एक गोष्ट मावशीला सांगितली. रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पक्ष्यांच्या घरट्यातला ओलावा मोजायचा होता. पाखराला घाबरवणारं कोणतंही यंत्र घरट्यात ठेवता येत नव्हतं. म्हणून त्यांनी अंड्याचं कवच रिकामं करून त्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल भरलं आणि ते अंडं घरट्यात ठेवलं. पाखरू त्यावर बसलं. काही दिवसांनी ते अंडं तोललं. जेवढं वजन वाढलं, त्यावरून घरट्यातला ओलावा कळला. मावशी मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे तेनीव तोललांच.”

सहाव्या दिवशी कोळसा वजा करून काट्यावर ८७१ आलं, अपेक्षेपेक्षा सात ग्रॅम जास्त. पाऊस लागलेला होता. ताटली आधीच नव्हती, आता काय कमी करणार? मावशीने मशीन माजघरातून उचलून चुलीच्या खोलीत, धुरापासून दूर, कोरड्या कोपऱ्यात नेलं आणि मी हवेचं एक भोक वाढवलं. बाराव्या दिवशी ८३३ आलं. अठराव्या दिवशी ७९५.

विसाव्या दिवशी रात्री पहिला टोचा पडला. त्या रात्री आम्ही दोघी झाकणाला हात न लावता बसलो. सकाळी काचेवर वाफ जमली होती आणि आत कोळशाच्या तुकड्याभोवती ओली, धडपडणारी पिल्लं होती. संध्याकाळपर्यंत १६ निघाली.

वही मी मावशीकडेच ठेवून आले. परवा तिने फोनवर पुढच्या खेपेची अंडी किती ग्रॅम भरली ते सांगितलं आणि विचारलं की आता थंडी पडेल, तर ताटली केवढी ठेवू.